मोहाच्या खोडाला बांधलेलं जाळं

जे करायचं तुम्ही मनाशी पक्कं ठरवलं आहे, ते शेवटचं कोणाला मोठ्यानं सांगितलंत? देवाला नव्हे, रोजनिशीला नव्हे. समोर बसलेल्या, तुम्हाला ओळखणाऱ्या, पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटून ‘काय झालं गा त्याचं?’ असं विचारणाऱ्या माणसाला?

हा प्रश्न आजच विचारतो आहे, कारण रानात मोहाची फुलं पडायला लागली आहेत. चांद्याच्या ज्या छापखान्यात मी खिळे जुळवतो, त्याच्या मागच्या गल्लीतून काल सकाळी एक बैलबंडी गेली. तिच्यावर दोनचार पोती होती. शाई, रॉकेल आणि ओला कागद यांच्या वासात दिवस काढणारं माझं नाक, पण त्या वासाला ते लगेच उठून उभं राहिलं. मोहाचा वास गोड असतो असं ज्यांनी तो लांबून घेतला ते म्हणतात. तो गोड आहे, आंबूस आहे, थोडा जडही आहे, आणि एकदा बोटांना लागला की साबणाला दाद देत नाही. हातातला खिळा हातातच राहिला. मालक म्हणाले, “काय हो, झोपलात का?” मी झोपलो नव्हतो. मी चामोर्शीच्या पलीकडे, मामाच्या गावच्या ओढ्याकाठी, पहाटेच्या धूसर उजेडात वाकून उभा होतो.

मी पत्रकांवर वाढलेला माणूस आहे. वडील छापखान्यात होते. घरी खाऊ यायचा तो चुकलेल्या छपाईच्या कागदात गुंडाळून. फळीवर कागद, डब्याखाली कागद, खिडकीच्या फुटक्या काचेवर कागद. मी पहिलं वाक्य वाचलं ते ‘बंधूंनो, उठा!’ आणि पुढची कित्येक वर्षं मला वाटायचं की वाक्य म्हणजे असंच असतं, शेवटी उद्गारचिन्ह असलेलं. विसाव्या वर्षी हिवतापानं मला असं झोडपलं की घरच्यांनी हवापालटासाठी मामाकडे पाठवलं. पत्रकांचं एक गाठोडं मी बरोबर नेलं. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती, मालगुजारी गेली होती, आपला जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता, आणि मी हजारो लोकांना जागं करणार होतो.

तिथं मला भेटले तीन.

धान कापून, चुरून घरात आलं होतं. चामोर्शीच्या आठवडी बाजारात गर्दी ओसरली होती. रामदासभाऊ शिंपी आपलं मशीन घेऊन बाजारात बसायचे, आणि बाजार मोडल्यावर गावच्या लोकांबरोबर परत निघायचे. त्या संध्याकाळी त्यांच्या चटईवर मी वाट पाहत बसलो होतो. शेजारी मामाची शेजारीण तुळसाबाई होती, घर चालवणारी, जिभेची धारदार. आणि गिरजा आली. गिरजा म्हणजे तलावात जाळं टाकून मासे धरणाऱ्या डोमाजी ढिवराची मुलगी. लग्न झालं त्याच वर्षी नवरा गेला, आणि ती बापाकडे परत आली होती. वय माझ्याएवढंच असेल. तिला एक थैली शिवून हवी होती.

“येवढी मोठी थैली कायले व पोरी?” रामदासभाऊंनी विचारलं.

“पुस्तकं ठेवाले, भाऊ. सातवीच्या फायनलले बसून राह्यली मी.”

आम्ही कोणी हसलो नाही, पण आम्ही हसू की काय अशी भीती तिच्या चेहऱ्यावर होती. तेवढ्यात रामदासभाऊंनी कात्री खाली ठेवली.

“मंग आयका. तू सांगतलं तं मीबी सांगतो. मी सोडून राह्यलो.”

“काय सोडून राह्यले?” तुळसाबाई म्हणाली. “बायको का मशीन?”

“पेनं.”

रामदासभाऊ किती प्यायचे हे गावाला ठाऊक होतं. त्यांनी शिवलेल्या सदऱ्यांची एक बाही दुसरीपेक्षा लांब का, हेही ठाऊक होतं. “सोडली असं म्हनत नाई मी,” ते पुढं म्हणाले. “या बजारापासून त्या बजारापर्यंत नाई पेत. येवढंच.”

तुळसाबाईनं चटईची एक काडी उपटली आणि जमिनीकडे पाहत म्हणाली, “मले भज्याचं दुकान लावाचं हाये बजारात. माह्या नावानं. नवऱ्याच्या नावानं नाई.”

मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

“मला क्रांती करायची आहे,” मी म्हणालो.

“पुढच्या बजारापर्यंत?” तुळसाबाईनं विचारलं.

त्या एका प्रश्नानं माझ्या गाठोड्यातली अर्धी पत्रकं निकामी केली. मी ओशाळून म्हणालो की मला एक असं पत्रक लिहायचं आहे, जे बाजारात वाचलं तर माणसं शेवटपर्यंत ऐकतील. “हे जमते,” रामदासभाऊ म्हणाले, आणि आम्ही उठलो.

असा आमचा चौघांचा मेळ बसला. पुढच्या बाजारी मी त्याला नाव सुचवलं, नवजागृती मंडळ. घटना लिहून आणली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस.

“अध्यक्ष कायले?” तुळसाबाई म्हणाली. “चौघाईत अध्यक्ष कोन, अन् टाळ्या कोन वाजवीन?”

घटना रामदासभाऊंनी मशीनच्या डुगडुगत्या पायाखाली घातली, आणि मशीन पहिल्यांदा सरळ उभं राहिलं. मला त्याचा राग आला होता. आज मात्र वाटतं, माझ्या कुठल्याही कागदानं तोवर एवढं भरीव काम केलं नव्हतं.

नियम झाले ते दोनच. एक तुळसाबाईचा: “ज्यानं सल्ला देल्ला, त्यानं हात देल्ला पायजे. नाई तं तोंड बंद.” दुसरा गिरजाचा. आपल्याकडे भाताचा रोवणा, म्हणजे लावणी, कसा होतो हे झाडीपट्टीत वाढलेल्याला सांगायला नको, पण शहरातल्या वाचकासाठी सांगतो. बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, चिखल करून तयार ठेवलेला असतो, आणि परे, म्हणजे भाताची रोपं, एका जागी वाढलेली असतात. एका घराला एकट्यानं रोवणा होत नाही. मग घरं एकत्र येतात आणि आळीपाळीनं एकेकाच्या बांधीत उतरतात. कोणाच्या बांधीत आधी, हे मानावरून ठरत नाही, वयावरूनही नाही. ज्याचे परे उपटायला झाले, त्याची बारी. “तसंच करू,” गिरजा म्हणाली. “ज्याचं काम आंदी आलं, त्याच्याकडं आंदी सगडे. बाकीच्याईनं आपलं थोडं बाजूले ठेवाचं.”

तेव्हा मला हे फार लहान वाटलं होतं. चार माणसं, एक चटई, आठवड्यातून एकदा ‘काय झालं?’ असं विचारणं. माझ्या पत्रकांत तर समुद्रासारखी माणसं उसळायची. पण समुद्र कधी कोणाला नावानं विचारत नाही. रामदासभाऊ एका बाजारी उशिरा आले, डोळे लाल, आणि चटईवर बसून म्हणाले, “परवा पेलो.” तुळसाबाईनं फक्त विचारलं, “आज?” “आज नाई.” “मंग आजपासून धरा.” हे ‘आज’ कुठल्याही पत्रकात मला सापडलं नव्हतं. तिथं फक्त ‘उद्या’ असायचा, लाल रंगात उगवणारा.

पहिली बारी तुळसाबाईची आली. कढई झाली, बेसन झालं, चूल झाली, आणि बाजारात बसल्यावर तिला आवाजच फुटेना.

“घरी तं नवऱ्याले तीन आळ्याईत आयकू येते तुहा आवाज,” रामदासभाऊ म्हणाले. “इथी काऊन बसला?”

“घरी माह्यं राज्य हाये, भाऊ. इथी लोक पाहून राह्यले.”

मग नियमाप्रमाणे आम्ही हात दिला, म्हणजे घसा दिला. मी ओट्यावर चढलो. आयुष्यातलं माझं पहिलं सार्वजनिक भाषण ‘बंधूंनो’ या शब्दानं सुरू झालं आणि ‘गरम भजी’ या शब्दांवर संपलं. लोक हसले, जवळ आले, भजी संपली. तिसऱ्या बाजारी तुळसाबाईनं मला ओट्यावरून खाली ओढलं: “हट गा तिकडं, तुह्या भाषनात तेल थंडं होते.” आणि स्वतः अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या रांगेतला बैल बिचकला.

मग फाल्गुन आला. पळस पेटून विझले. जंगल असं उघडं झालं की टेकडीच्या अंगावरची पायवाट गावातून दिसावी. आणि मोहाच्या निष्पर्ण फांद्यांवर गुच्छ धरले. गिरजाची परीक्षा आणि मोह एकाच पंधरवड्यात येणार, हे आम्हाला तेव्हा कळलं.

डोमाजी वाईट बाप नव्हता. तलावातली मासोळी वाटताना सगळे ढिवर त्यालाच वाटे पाडायला सांगायचे, कारण त्यानं पाडलेल्या वाट्यातला कुठलाही उचलला तरी सारखाच. पण घरात बाई नव्हती. गिरजाची आई कधीच गेली होती. पहाटे डोमाजी जाळं घेऊन तलावावर जायचा, आणि त्याच पहाटे मोह पडायचा. तो गिरजानंच वेचायचा. वाळवलेला मोह म्हणजे पावसाळ्यातलं खाणं, आणि पावसाळ्याआधीचं मीठमिरची.

“परीक्षा दे. मी नाई म्हनत नाई,” डोमाजीनं तिला सांगितलं. “पन मोह का तुह्या परीक्षेसाठी झाडावर थांबून राहीन?”

यात दुसरीही एक गोष्ट होती. वैनगंगेपलीकडच्या गावातून एक पाहुणा येऊन पाटाचं, म्हणजे गिरजाच्या दुसऱ्या लग्नाचं, बोलणं करून गेला होता. डोमाजीनं त्याला मोहापर्यंत थांबवलं होतं. गिरजानं यंदा परीक्षा दिली, तर मास्तरीण व्हायची आशा. नाही दिली, तर पावसाळ्याआधी पाट. ती आम्हाला हे रडून नाही, बाजारभाव सांगावा तसं सांगून गेली, आणि शेवटी म्हणाली, “माह्ये परे तयार झाले, बाप्पा. आता तुमी पाहा.”

तिची बारी आली होती. पहाटे तिनं घरात चिमणीशेजारी गणितं सोडवायची आणि आम्ही तिच्या झाडांखाली जायचं, असं ठरलं.

मोह वेचणं ज्यांना सोपं वाटतं त्यांनी एकदा वेचून पाहावं. झाडाखालचा पाचोळा आधी झाडून ठेवायचा, नाहीतर फुलं दिसत नाहीत. मग अंधार फिकट होता होता वाकायचं आणि ऊन चढेपर्यंत वाकलेलंच राहायचं. फूल पडतं त्याचा आवाज फार हलका असतो, कोणी ओठ न उघडता ‘प’ म्हणावं तसा. पाठीवर पडतं, मानेवर पडतं, टोपलीत आपोआप कधीच पडत नाही. फिकट पिवळं, मेणासारखं, रसानं फुगलेलं. बोटं चिकटतात, बोटांवर माश्या येतात. आणि त्याच वेळी अस्वलही मोहाला येतं. म्हणून रामदासभाऊ मोठमोठ्यानं दंडारीच्या नाचातली गाणी म्हणायचे. “अस्वल माह्या गान्यानं पडते,” ते म्हणायचे. तुळसाबाईचं म्हणणं होतं की अस्वलाला कान आहेत म्हणून पळतं.

ज्या माणसानं मोहाची दारू सोडायला घेतली होती, तो रोज सकाळी कोपरापर्यंत मोहात होता, हे माझ्या लक्षात यायला काही दिवस लागले. मी विचारलं, “भाऊ, त्रास होत नाही?” ते म्हणाले, “होते ना. पन हा तिचा मोह हाये. हा पेला तं पोरीची परीक्षा पेल्यासारखं होईन.”

आता चुकीकडे येतो. मोहाच्या झाडाला कुंपण नसतं. जंगलात, ओढ्याकाठी, बांधावर कुठंही उभं असतं ते. पण कोणतं झाड कोणत्या घरचं, हे गावात ठरलेलं असतं, आणि दुसऱ्याच्या झाडाखाली वाकणं म्हणजे दुसऱ्याच्या चुलीतला भात उपसणं. म्हणून खोडाला खूण करतात. बहुतेक जण गवत पिळून त्याची वेटी बांधतात. ढिवरांची खूण वेगळी: जुन्या जाळ्याचा तुकडा. गिरजानं आम्हाला झाडं दाखवली होती आणि सांगितलं होतं, “ओढ्याच्या अलीकडं जिथी जाळं दिसन, ते आपलं.”

एका सकाळी, रात्रभर वारा सुटला होता म्हणून, फुलांचा सडा पडला होता. तुळसाबाई बाजाराच्या तयारीसाठी घरी होती. शिंपी आणि पत्रकवाला असे आम्ही दोघंच. ओढ्याच्या वळणापलीकडून रामदासभाऊ ओरडले, “इथीबी हाये एक! खोडाले जाळं!” झाड मोठं होतं, खाली मोह दाट पडला होता. आमच्या आनंदाला सुमार नव्हता. आम्ही ते वेचलं, दुसऱ्या दिवशीही वेचलं, आणि गिरजाच्या अंगणात तिच्या मोहात मिसळून वाळत घातलं.

झाड काशीबाईचं होतं. गावाच्या टोकाला एकटी राहणारी, बकऱ्या पाळणारी बाई. ती गवताचीच वेटी बांधायची, पण दरवर्षी तिच्याच बकऱ्या ती खाऊन टाकायच्या. यंदा तिच्याकडे जाळ्याचा तुकडा आला होता, तो तिनं बांधला.

ती आली ती आळी जागी करत आली.

“डोमाजी! घरी मास्तरीन पोसून राह्यला, का चोर?”

माणसं जमली. रामदासभाऊ टोपली धरून उभे राहिले. “बाई, मी जाळं पाहूनच वेचलं.”

“जाळं पाहून मासोळी धरतेत, दर्जी! मोह नाई वेचत!”

काही जण हसले, पण ते हसणं आमच्या बाजूचं नव्हतं. गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, गोष्ट गावापुढं ठेवावी लागेल. डोमाजी तलावावरून नुकताच आला होता, धोतराचं पाणी ठिबकत होतं. ज्याच्या वाट्यावर सगळं गाव डोळे झाकून विश्वास ठेवायचं, त्याच्या अंगणात दुसऱ्याचा मोह वाळत होता. त्यानं मान वर केली नाही.

“झालं,” तो म्हणाला. “गिरजे, पुस्तकं बांधून ठेव. उद्यापासून तूच जाय मोहाले.”

परीक्षेला निघायला मोजके दिवस उरले होते. मी बोलायला तोंड उघडलं. माझ्याकडे न्याय, समता, स्त्रीशिक्षण, सगळे शब्द तयार होते. तुळसाबाईनं माझा सदरा मागून ओढला. “तोंड बंद,” ती कानाशी म्हणाली. “हात हाये का द्याले?”

गिरजा पुढं आली. तिच्या बोटांना पेन्सिलीचा काळा रंग होता.

“काशीबाई, रोवन्यात आपल्या मानसाईनं चुकून दुसऱ्याचे परे उपटले तं काय करतेत?”

उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

“त्याच्या बांधीत रोवून देतेत,” गिरजाच म्हणाली. “चूक माह्या बारीत झाली. आता बारी तुमची. मोह सरेपर्यंत तुमच्या झाडाखाली माह्ये हे दोघं येतीन. तुमी बसून राहा.”

“अन् तुह्या बापाचा मोह?” काशीबाईनं विचारलं. “तो कोन वेचीन?”

दोन माणसं दोन घरचा मोह वेचू शकत नाहीत, हे तिथल्या कोणालाही कळत होतं. तुळसाबाई तर परीक्षेसाठी गडचिरोलीला गिरजाच्या सोबतीला जाणार होती, एकट्या बाईला कोण पाठवणार?

काशीबाईनं पुरावा म्हणून खोडाचं जाळं सोडून आणलं होतं. ते तिनं डोमाजीपुढं टाकलं. “हे पाहा. तुह्या जाळ्यानं तुह्या मानसाईले फसवलं.”

डोमाजीनं तुकडा उचलला. एक गाठ अंगठ्यानं चाचपली, मग दुसरी. ढिवराला आपल्या हाताची गाठ ओळखायला उजेड लागत नाही.

“हे तं मीच देल्लं होतं तुले,” तो म्हणाला. “वालाच्या वेलासाठी. माकडं यायचे म्हनून.”

“हो. उरलं तं झाडाले बांधलं.”

अंगणात मोह वाळत होता, आणि उन्हानं त्याचा वास चढत होता. मला वाटलं, आता हा माणूस वळून आत जाईल आणि संपेल सगळं.

“जाळं माह्यं,” डोमाजी शेवटी म्हणाला. “मंग चूक या दोघाईचीच कशी?” त्यानं तो तुकडा कमरेला खोचला. “आमचा मोह मी वेचतो.”

“डोमाजी, मोह वेचनं बायाईचं काम हाये,” गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

“मंग शिकवा मले.”

“अन् मासोळी?”

“मासोळी कुठी पडून चालली? तलावातच राहीन.”

पहाटेची मासोळी त्यानं त्या मोसमात सोडली. हे लिहायला एक ओळ लागते, पण ढिवराच्या घरात ही ओळ केवढी मोठी असते हे त्यानं आम्हाला कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

पुढच्या पहाटेला ओढ्याकाठी आम्ही तिघं पुरुष होतो. दोघं काशीबाईच्या झाडाखाली, एक जाळं बांधलेल्या झाडांखाली. काशीबाई बसून राहीन म्हणून आली आणि बसली नाही. “असं नाई गा, पाचोडा आंदी ओढ,” “अरे, देठ कायले मोजून राह्यला?” असं करत ती डोमाजीच्या झाडाखालीच वाकली. आयुष्यभर पाण्यात ताठ उभा राहिलेला तो माणूस, त्याला वाकणं जमेना. आणि सवयीनं तो वेचलेल्या फुलांचे सारखे ढीग घालत जायचा. काशीबाई म्हणाली, “हे का मासोळीचे वाटे होय? भर टोपलीत!” रामदासभाऊ गाणं विसरून हसले. त्या दिवशी अस्वल आलं असतं तरी चाललं असतं.

गिरजाची बंडी त्याच वाटेनं गडचिरोलीकडे गेली. शेजारी तुळसाबाई, मांडीवर रामदासभाऊंनी शिवलेली थैली. दोन्ही पट्टे सारखे होते, हे मुद्दाम लिहितो. आम्ही सगळे उभे राहिलो, हात चिकट, अंगावर फुलं. डोमाजी बंडीजवळ गेला, बैलाच्या पाठीवर पडलेलं एक फूल उचललं, टोपलीत टाकलं, आणि म्हणाला, “ध्यान देऊन लिव्हजो.”

ती नापास झाली. गणितात.

निकाल शाळेच्या गुरुजींनी घरी येऊन सांगितला तेव्हा मी तिथं होतो. आभाळ भरलं होतं, डोमाजी पडवीत जाळं विणत होता. गिरजा भिंतीला टेकून उभी. पत्रकात अशा ठिकाणी वीज कडाडते. तिथं फक्त डोमाजीची सुई जाळ्यातून आत गेली आणि बाहेर आली.

“किती इषय होते?” त्यानं विचारलं. गुरुजींनी सांगितले.

“अन् गेला येक?”

“एक.”

“मंग पुढच्या मोहाले बसजो,” तो गिरजाला म्हणाला.

वैनगंगेपलीकडचा पाहुणा त्यानंतर आला होता. डोमाजीनं त्याला भात-मासोळी खाऊ घातली, तंबाखू दिली, आणि निघताना सांगितलं, “पोरगी मोकडी नाई, बाप्पा. तिची बारी चालू हाये.” पाहुण्याला काय कळलं कोण जाणे. आम्हाला कळलं.

पुढच्या मोहाला ती बसली आणि पास झाली. आता चामोर्शीच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला, एका गावच्या शाळेत ती मास्तरीण आहे. तुळसाबाईच्या दुकानाला टिनाचं छप्पर आलं आहे. रामदासभाऊ अजून या बाजारापासून त्या बाजारापर्यंतच सोडतात. मधे दोनदा घसरले, दोनदा चटईवर येऊन सांगितलं, आणि पुन्हा ‘आजपासून’ धरलं. आणि माझं पत्रक? मी ते बाजारात वाचलं. पहिला खर्डा ऐकून तुळसाबाई म्हणाली होती, “तुह्या कागदात सगडे उठूनच राह्यले. कोनी बसून जेवत नाई का?” दुसऱ्या खर्ड्यात मी माणसं जेवायला बसवली. शेवटपर्यंत थोडीच माणसं उभी राहिली, त्यातला एक उभ्यानं डुलकी काढत होता. पण राहिली.

चांद्याला आल्यापासून मी सभा पाहिल्या, मोर्चे पाहिले, राज्य बदलताना पाहिलं, आणि हजारोंच्या ताकदीवर माझा विश्वास आजही आहे. तो सोडणार नाही. पण हजारांच्या सभेतून घरी परतल्यावर माणूस एकटा असतो, आणि त्याचा निश्चय त्या एकटेपणातच मरतो. त्याला जगवायला तीन माणसं पुरतात, जी पुढच्या बाजारी डोळ्यांत पाहून विचारतील. उठा म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. वाकणारे कमी पडतात.

गेल्या आठवड्यात तुळसाबाईकडून निरोप आला. गिरजाच्या शाळेत एक मुलगी यंदा सातवीला आहे, हुशार आहे, आणि मोह पडायला लागल्यापासून शाळेत येत नाही. घरी वेचणारं दुसरं कोणी नाही. निरोप एवढाच होता: “तिचे परे तयार झाले. हात पाहिजेत.” मालकांकडे मी रजा मागितली आहे. रामदासभाऊ येतो म्हणाले आहेत. डोमाजीनं विचारलं आहे, झाड कोणत्या घरचं, आधी नीट सांगा.

सल्ला द्यायचा तर हात द्यावा लागतो. माझा मी देतो आहे, म्हणून आता तुम्हाला सांगायचा मला हक्क आहे. वाचक हो, हे पान खाली ठेवा आणि या आठवड्यातच तीन माणसं गाठा. तुम्हाला काय करायचं आहे ते त्यांना मोठ्यानं सांगा, त्यांचं ऐका, आणि ज्याचं काम आधी आलं त्याच्याकडे सगळे जा. तुमच्या गावात मोह नसेल. कापूस असेल, धुणं असेल, धाकटी भावंडं असतील. पण परीक्षेच्या या दिवसांत वही मिटून कामाला गेलेली एक तरी मुलगी तुमच्या आळीत असेलच. तिच्या दारात उद्या पहाटे जा. शिक्षणाचं महत्त्व सांगू नका, ते तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. फक्त विचारा, टोपली कुठं आहे.

आणि वाकण्याआधी खोडाची खूण कोणाची, तेवढं पाहून घ्या.